म्हातारी घाटात बसली

ही गोष्ट ऐकून आजवर एकही माणूस ‘खरं?’ म्हणालेला नाही. सगळे ‘बरं’ म्हणतात. माझी त्याला हरकत नाही. मी उभा जन्म ट्रक चालवला, आणि ट्रकवाल्याच्या गोष्टीत रस्त्यापेक्षा वळणं जास्त असायची हे ऐकणाऱ्याने गृहीतच धरलेलं असतं. तुम्हीही धरा. निम्मं सोडून द्या, हवं तर पाऊण सोडून द्या. तरी तळाशी एवढं उरेलच की माझी गाडी माझ्यापेक्षा शहाणी होती, आणि एकदा तिने अख्ख्या खोऱ्याचं पीक वाचवलं. तेही काही न करता, नुसती बसून. बसून राहून स्वतःचं भलं करून घेतलेली माणसं मी पुष्कळ पाहिली. बसून दुसऱ्याचं भलं करणारी ती एकटीच.

आठवण निघाली ती लिफ्टमुळे. परवा सकाळी आमच्या इमारतीची लिफ्ट चौथ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये एक बारीकसा हिसका देऊन उभी राहिली. फार मोठं काही नाही. पायाखालचा रबरी पट्टा किंचित वर आल्यासारखा वाटला आणि तिथेच राहिला. पोटातलं पाणी मात्र त्याच वेगाने पुढे निघून गेलं, ते मागाहून परत आलं. दाराला एक उभी काच आहे, तिच्यातून भिंतीची न रंगवलेली बाजू दिसायला लागली. विटा, सिमेंटचे वाळलेले ओघळ, आणि कोणा गवंड्याने खडूने मारून ठेवलेली एक रेघ. ही भिंत रोज आपल्या नाकासमोरून जाते आणि कधी दिसत नाही; थांबल्यावरच दिसते. मला बरं वाटलं. यंत्रांना माझ्या आयुष्यात नेमक्या वेळी थांबायची सवयच आहे, त्याला मी काय करणार? मी आपला कोपऱ्यात पाठ टेकवून उभा राहिलो.

लिफ्टमध्ये आम्ही तिघं. मी, माझी मुलगी आणि एक प्लंबर. प्लंबर पाचव्या मजल्यावर चढला होता, कोणाच्या तरी न्हाणीघरातलं काम अर्धवट टाकून, दुकानातून काही आणायला. त्याच्या हातात लिफ्टहून उंच असा एक पाइप होता. तो सरळ मावेना म्हणून त्याने कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरका धरला होता, त्यामुळे बापलेकीच्या मध्ये कुंपण घातल्यासारखं झालं होतं. कुंपणाच्या पलीकडे मुलगी. हातात पिशवी, खांद्याला ऑफिसची बॅग, केस अजून ओले, आणि चेहरा असा की जणू लिफ्ट नव्हे, तीच दोन मजल्यांच्या मध्ये लटकली आहे.

“काय झालं?” ती म्हणाली.

“थांबली.”

“ते दिसतंय, बाबा.”

“काका, तुम्ही बटणांपाशी आहात. बेल मारा ना,” प्लंबर म्हणाला.

मी मारली. म्हणजे बोट टेकवलं. “वाजत नाही,” मी सांगितलं. “या इमारतीत वाजायला हवं ते वाजत नाही आणि वाजू नये ते सगळं वाजतं. आमच्या डोक्यावर राहणाऱ्यांचं भांडण एकदा ऐकायला ये.”

मुलीने मोबाइल वर धरला, खाली धरला, पाइपाच्या या अंगाला आणि त्या अंगाला धरला. रेंज नव्हती. लोखंडाच्या खोक्यात कुठली रेंज? मग तिने तो बॅगेत टाकला, परत काढला, परत टाकला. तिच्या नखांकडे माझं लक्ष गेलं. लहानपणी ती परीक्षेच्या दिवशी उजव्या अंगठ्याचं नख कुरतडायची. आता मदत खात्यात इतक्या वरच्या खुर्चीवर बसते की तिच्या दारावर पाटी आहे, पण नख तेच.

तिचं काम सांगायला हवं, नाही तर तुम्हाला वाटेल बाई ऑफिसला उशीर होतो म्हणून कासावीस झाली आहे. जिथे पाऊस बुडवतो किंवा अजिबात येत नाही, जिथे चुली थंड पडतात, तिथे धान्य पाठवायचं, आणि माणसं जरा उभी राहिली की बी द्यायचं, अवजारं द्यायची, म्हणजे पुढच्या हंगामाला त्यांची त्यांना चूल पेटवता यावी. हे ते खातं. मी ज्या पोत्यांखाली पाठ मोडून घेतली, ती पोती कुठे जायची हे ठरवणाऱ्या टेबलाशी आता ती बसते. एका पिढीत आमचं घर स्टिअरिंगपासून सहीपर्यंत पोचलं. मी तिला साहेबीण म्हणतो. तिला ते आवडत नाही, म्हणूनच म्हणतो.

आणि त्या सकाळी नेमकी तिची सही अडली होती. वरच्या डोंगराळ भागात तीन वर्षं धान्य जात होतं. यंदा पहिल्यांदाच, तिच्याच खात्याने दिलेल्या बियाण्यावर, तिथला मका उभा राहिला होता. कणसं भरली होती, कापणी सुरू होणार होती. आणि इकडे यार्डात मक्याने भरलेले ट्रक उभे होते, तिने हो म्हटलं की सुटायला. पाठवले, तर ऐन कापणीत घरोघर फुकटचा मका, मग शेतातल्या मक्याला बाजारात कोण विचारणार? नाही पाठवले आणि पिकाचा अंदाज चुकला, तर माणसं उपाशी. हे मला तिने सांगितलेलं नाही. स्वयंपाकघराच्या भिंती पातळ आहेत आणि माझे कान अजून शाबूत आहेत. तिचे साहेब फोनवर म्हणत होते की गोदाम रिकामं व्हायला हवं, नवा माल बंदरात लागलाय. ती म्हणत होती, “सर, उद्या कोणी उपाशी मेलं तर गोदामाला कोणी विचारणार नाही, मला विचारतील.” मग फोन ठेवून ती चहाकडे बघत बसली. चहावर साय धरली, ती तिने चमच्याने काढली, दुसरी धरली, तीही काढली. मी विचारलं, “काय गं?” ती म्हणाली, “बाबा, ऑफिसचं काही बोलायचं नाही. तुम्ही ट्रक चालवायचात तेव्हा मी गिअर कुठला टाका ते सांगायचे का?” खरं तर सांगायची. 

मला तिच्या सहीची भीती नव्हती. मला भीती होती सही झाल्यावर ती पेनाला टोपण कसं लावील त्याची. माझ्या काळचे साहेब टोपण लावायचे तेव्हा टक् असा आवाज व्हायचा, आणि त्या आवाजासरशी माझी गाडी सुटायची. त्यांचं तिथेच संपायचं. तो टक् नंतर किती किलोमीटर चालतो, कुठल्या वळणाला पोचतो, कोणाच्या अंगणात जाऊन उभा राहतो, हे फक्त मागे बसलेल्या पोत्यांना आणि मला कळायचं. माझ्या पोरीच्या हातून तो आवाज व्हावा आणि तिला तो ऐकूही येऊ नये, याची मला भीती.

“दार ठोकू का?” प्लंबरने पिशवीतून पाना काढला.

“ठेव तो. अडकलेल्या यंत्राला मारायचं नसतं. ते रुसतं.”

“यंत्र रुसतं?”

“माझी गाडी रुसली होती. घाटात. असली रुसली की खातं हललं, पण ती हलली नाही.”

“बाबा,” मुलगी म्हणाली, “आत्ता नको.”

“मग आत्ता दुसरं काय करणार आहेस? उतरून चालत जाणार आहेस?”

प्लंबर हसला. हसला की गिऱ्हाईक मिळालं. मी घसा साफ केला.

गाडीला आम्ही सगळे म्हातारी म्हणायचो. नवी आली तेव्हाही म्हातारीच, कारण सुरू होताना ती आधी खोकायची. इंजिन बंद केलं की तापलेलं लोखंड निवताना टिक् टिक् करत राहायचं, स्वतःशी काही तरी मोजत असल्यासारखं. तो आवाज आणि पोत्यांचा वास, तागाचा, धुळीचा, थोडा गोडसर, थोडा कुबट, हे दोन्ही एकदा अंगात मुरलं की निघत नाही. अजून कधी तरी दुपारी डोळा लागतो आणि मी त्या वासात जागा होतो, आणि क्षणभर कळत नाही की आपण वर चाललोय की खाली. पहिल्या वर्षी त्या खोऱ्यात मी गेलो तेव्हा तिथे कुत्रीसुद्धा भुंकत नव्हती. पोती उतरवून झाल्यावर बायका ट्रकच्या रिकाम्या हौद्यात चढल्या आणि फळ्यांच्या फटीत अडकलेले दाणे केरसुणीच्या काडीने टोकरून काढायला लागल्या.  नुसता काड्यांचा खरखर आवाज. मी टायर तपासायचं निमित्त करून गाडीखाली शिरलो आणि पुष्कळ वेळ तिथेच बसलो. टायर चांगले होते. पुढच्या खेपेपासून माझा हॉर्न वळणावर वाजला की अख्खं खोरं धावत यायचं. पोरं म्हातारीच्या बंपरला मिठी मारायची. खोटं कशाला सांगू, मला ते आवडायचं. घरी कोणी माझ्या हॉर्नला धावत येत नव्हतं. बायको लवकर गेली होती, मुलगी शाळेत. सुट्टीत तिला केबिनमध्ये घ्यायचो, सीटच्या मागच्या फळीवर तिचं अंथरूण. इंजिनाच्या आवाजात तिला झोप छान लागायची आणि ते बंद झालं की ती जागी व्हायची.

मग बी आलं. बियाण्याबरोबर खायचं धान्य द्यावं लागतं हे मला तिथेच कळलं. दिलं नाही, तर माणूस बीच खातो, आणि त्याला नावं ठेवायला तोंड आपल्याला कुठे? म्हणून बी आणि धान्य एकाच गाडीत. माझ्या शेजारच्या सीटवर बीवाला मास्तर. तो रुमालात मक्याचे दाणे बांधून आणायचा आणि वाटभर त्यांच्याशीच बोलायचा. खोऱ्यात सगळ्यांना ओळीत उभं करून तो दोन दाण्यांमध्ये अंतर किती ठेवायचं ते पावलाने दाखवायचा. लोक त्याच्या पावलाकडे बघायचे आणि मग डोळे माझ्या पोत्यांकडे वळायचे. पण पेरलं त्यांनी. उगवलंही. आणि पहिल्या चांगल्या पिकाच्या कापणीला, मक्याचे ढीग खळ्यावर पडलेले असताना, मी हॉर्न वाजवत, बंपरला पोरं लटकावत, भरलेली गाडी घेऊन खोऱ्यात शिरलो. खळ्यावर एक व्यापारी सावलीत बसला होता, त्याचा तराजू फडक्याने झाकलेला. सकाळपासून तसाच बसला होता म्हणे. बायका भाव विचारायच्या, तर म्हणायचा, “घाई काय आहे? गाडी तर येऊ दे.” गाडी आली. पोती उतरली. तो उठला, तराजू न उघडताच काखोटीला मारला आणि निघून गेला. एका बाईने आपल्या ढिगावर फाटकी चादर घातली, मेलेल्या माणसाला झाकतात तशी, कडा नीट खाली खोचून.

मी बोलायचा थांबलो होतो. केव्हा थांबलो ते कळलं नाही. यातलं किती तोंडाने बोललो आणि किती नुसतं डोक्यात फिरलं, तेही सांगता येणार नाही. लिफ्टमध्ये तिघांच्या श्वासाने उकडायला लागलं होतं.

“काका, गाडी रुसली ते राहिलंच,” प्लंबर म्हणाला.

“त्याच्या पुढच्या वर्षी. पेरणीच्या वेळी गेलो होतो, तेव्हा तीच चादरवाली बाई मला रस्त्यात आडवी आली. म्हणाली, ‘दादा, पहिल्या वर्षी तुम्ही आलात तेव्हा मी तुमच्या पाया पडले होते. यंदा कापणीला गाडी दिसली तर काच फोडीन.’ मी म्हटलं, ‘बाई, धान्य चांगलं असतं हो आमचं.’ ती म्हणाली, ‘चांगलं असतं, तेच तर वाईट आहे.’ म्हातारीने हे ऐकलं. इंजिन चालू होतं, पण ऐकलं तिने. त्या दिवशी परतताना ती एकदाही खोकली नाही.”

“मनाला लागलं असेल,” प्लंबर गंभीरपणे म्हणाला.

“मग कापणी आली. वरून हुकूम, गाडी भरा. मी साहेबांना सांगून पाहिलं, ‘साहेब, महिनाभर थांबू या.’ साहेब म्हणाले, ‘तू गाडी चालव.’ टक्. निघालो. ही तेव्हा आत्याकडे होती, माझं नशीब. घाट चढून माथ्यावर आलो, आणि म्हातारीने एक सुस्कारा सोडला. असा, म्हैस सोडते तसा. आणि पुढची दोन्ही चाकं दुमडून बसली.”

“चाकं दुमडली?”

“दुमडल्यासारखी.”

“डिझेलमध्ये पाणी गेलं असेल.”

“नव्हतं.”

“फिल्टर?”

“नवाकोरा.”

“मग लाइनमध्ये हवा धरली असेल. आमच्या पायपांचं तेच असतं, वरच्या मजल्यावर पाणीच चढत नाही.”

“हवा धरली होती खरी. पण खोऱ्यातली. कापलेल्या मक्याचा वास येत होता त्या हवेला. तो तिच्या नाकात गेला आणि ती बसली. मेकॅनिक आला. त्याने बॉनेट उघडलं की इंजिन गुणी पोरासारखं चालायचं, बंद केलं की मरायचं. त्याने बॉनेट चौदा वेळा उघडलं. की चाळीस? शेवटी तो रडायला लागला. साहेब स्वतः आले. त्यांनी कान लावला, तर म्हातारीने त्यांच्या पांढऱ्या शर्टावर अशी पिचकारी मारली ऑइलची! साहेब म्हणाले, ‘ही गाडी मला ओळखत नाही का?’ मी म्हटलं, ‘साहेब, ओळखते, म्हणूनच तर.’”

प्लंबर इतका हसला की पाइप छताला लागून खणखणला. मुलगी हसली नाही. ती काचेतून त्या खडूच्या रेघेकडे बघत होती. पण मघापासून चाललेलं नखाचं कुरतडणं थांबलं होतं. बंद इंजिनाच्या शांततेत ती नेहमीच जागी होते.

“किती दिवस बसली होती?” तिने काचेलाच विचारलं.

“खळी उठेपर्यंत.”

“आणि तोवर त्या खोऱ्यात ज्यांना जमीनच नव्हती, ते?” आता ती वळली. आवाज धारदार, ऑफिसमधला. “ज्यांच्याकडे पीक आलंय ते आपलं पीक खातील, विकतील. ठीक आहे. पण ज्यांच्याकडे शेतच नाही, बाबा? तुमची म्हातारी शहाणपणा करत बसली होती, तेव्हा ते काय खात होते? गोष्टीत ते कधी येतच नाहीत.”

हाच प्रश्न. चहावरच्या सायी काढताना ती हाच प्रश्न काढून टाकत होती, आणि तो पुन्हा पुन्हा वर येत होता. मला तिचा इतका अभिमान वाटला की गुडघ्यातली कळ मी विसरलो. घाटमाथ्यावर, केबिनमध्ये, तापलेलं लोखंड टिक् टिक् करत असताना, मलाही त्याच प्रश्नाने घामाघूम केलं होतं. मागे पोती आणि समोर उपाशी माणसं, आणि मध्ये मी शहाणा. एका म्हाताऱ्याचा चेहरा डोळ्यांसमोर यायचा. दगड फोडायचा तो, आणि काम नसलं की दगडांकडेच बघत बसायचा. दोन लहान पोरं घेऊन एकटी राहणारी एक बाई होती, तिच्या नावावर अंगणसुद्धा नव्हतं. खळ्यावरचा भाव वाढला तर या माणसांना काय त्याचं? उलट त्यांना मका महागच पडणार. एकाचं भलं करायला दुसऱ्याच्या पोटावर पाय देऊन उभा आहेस का तू, असं मी स्वतःला विचारत होतो आणि पाय मात्र होता तिथून हलवत नव्हतो.

“आलेच की ते गोष्टीत,” मी म्हणालो. “तूच मध्ये बोललीस. म्हातारीला सगळ्यांची काळजी होती. ती बसली, आणि तिने अंग झटकलं. मागची फळी पडली, आणि एक पोतं सुटलं. आपणहून. ते रस्त्यावर पडलं, घरंगळलं, वळणावर वळलं—”

“पोतं वळलं?”

“वळलं. सरळ गेलं असतं तर दरीत नसतं का गेलं? वळलं, आणि बरोबर त्या दगड फोडणाऱ्याच्या दारात जाऊन उभं राहिलं. दुसरं पोतं दोन पोरांच्या आईकडे. तिने दार लावलेलं होतं, तर ते उंबऱ्यापाशी थांबलं. आंधळ्या विणकराकडे गेलं ते जरा हळू गेलं, त्याला धक्का लागू नये म्हणून. शेतवाल्यांच्या दारावरून गेली पोती, पण एकानेही तिकडे मान वळवली नाही.”

“पत्ते विचारत गेली असतील,” प्लंबर डोळे पुसत म्हणाला.

“विचारायला कशाला हवं? तीन वर्षं ती पोती त्या घरांत जात होती. आणि इकडे व्यापारी खळ्यावर सावलीत बसलेला. गाडी कुठे? गाडी येतेय. गाडी कुठे? गाडी येतेय. शेवटी त्याच्याच घशाला कोरड पडली. त्याच्या गावाकडची गिऱ्हाइकं खोळंबली होती. त्याने तराजूवरचं फडकं काढलं. नुसतं काढलं नाही, त्याच फडक्याने घाम पुसला. चादरवाल्या बाईने पहिला ढीग घातला, आणि काटा खाली जाताना अशी बघत होती, अशी, की मला माथ्यावरून तिचे दात दिसले.”

“माथ्यावरून दात दिसले,” मुलगी म्हणाली. पण तिचं लक्ष दातांकडे नव्हतं. तिने पाइपाला एका हाताने धरलं होतं, बसमध्ये दांडा धरतात तसं, आणि ती कुठे तरी चालली होती. “गाडी परत कशी आणली? भरलेलीच?”

“छे. उरलेली पोती पावसाळ्यासाठी तिथेच, बीवाल्या मास्तरच्या खोलीत ठेवली. आणि येताना म्हातारी त्यांचा मका घेऊन आली. डोंगराच्या पलीकडे पीक बुडालं होतं, तिथे हवाच होता. व्यापाऱ्याने घेऊनही उरला होता त्यांच्याकडे.”

“त्यांचाच मका.”

“त्यांचाच. हौद्यात भरताना काय गाणी म्हणत होते! आधी तो हौदा टोकरणाऱ्या बायका, त्याच.”

 मग एकेक शब्द, पायरी आहे की नाही ते चाचपत उतरावं तसा, तिच्या तोंडून यायला लागला. “एक ट्रक भरलेला. जमीन नसलेल्यांपुरता. तो आमच्या माणसांनी घरोघर पोचवायचा, चौकात उतरवायचा नाही. बाकीचे यार्डात उतरवून घ्यायचे. आणि वर जाताना रिकामे पाठवायचे.”

“रिकामे?” प्लंबर म्हणाला. “मॅडम, एवढ्या लांब रिकामे ट्रक? माझा सेठ मला हातात पाइप नसेल तर जिनासुद्धा चढू देत नाही.”

“सरही हेच म्हणतील. रिकाम्या गाड्या डोंगरावर पाठवणारी पहिलीच बाई मी.” ती आता सरळ उभी होती. “पण त्या खरेदीला जातील. पीक जेवढं म्हणतात तेवढं असेल, तर भरून येतील, खाली पूरग्रस्तांना लागणारच आहे. आणि नसेल, तर तिथेच कळेल, दुसऱ्या दिवशी, अंदाजाची वाट न बघता. यार्डातला माल हाताशी असेलच, लगेच वर चढवता येईल. तीन वर्षं ती माणसं गाडी दिसली की हात पुढे करतायत. यंदा पहिल्यांदा कोणी तरी त्यांच्याकडे काही मागायला जाईल.”

हे शेवटचं वाक्य तिने हळू आवाजात म्हटलं, आणि म्हणून झाल्यावर स्वतःच दचकल्यासारखी झाली. काचेपलीकडच्या विटा त्याच होत्या. पण माझ्या डोळ्यांसमोर एक रिकामा ट्रक वळण घेत होता, फळ्या खडखडवत, आणि कोणी तरी शेतातून मान वर करून, कमरेवर हात ठेवून बघत होतं, की हे आज काय न्यायला आले. मला तिथेच थांबायला हवं होतं. शहाण्या माणसाने गोष्ट कुठे सोडावी हे मला उभ्या जन्मात कळलेलं नाही. सुख झालं की मी वाहवत जातो.

“आणि शेवटचा ढीग उठला,” मी म्हणालो, “तशी म्हातारीने आपणहून डोळे उघडले. दोन्ही दिवे! मी किल्लीला हात नाही लावला. खोकली नाही, रुसली नाही, खोऱ्यात अशी उतरली, अशी, की नवरी मुलगी माहेरी आली.”

“पण काका, शेवटी बिघाड काय निघाला?” प्लंबर म्हणाला. त्याला राहवत नव्हतं. “पाणी नाही, फिल्टर नाही, हवा नाही. काही तरी असेलच ना!”

“बिघाड? तो आजवर कोणाला सापडलेला नाही. मोठे मोठे इंजिनिअर—”

“थांबा,” मुलगी म्हणाली. पाइपाच्या खालून वाकून ती माझ्या बाजूला आली, अगदी समोर, आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तिच्या ओठांचा एक कोपरा हलत होता. “पोती घरंगळत खोऱ्यात गेली म्हणालात. वळणं घेत, थेट दारापर्यंत. म्हणजे गाडी माथा ओलांडून उताराला लागली होती. डिझेल वाचवायला त्याच उतारावर इंजिन बंद करून तुम्ही गाडी सोडायचात, मी मागच्या फळीवर जागी व्हायचे, मला आठवतंय. भरलेली गाडी, तोंड उताराला. इंजिन मेलं असतं तरी ती त्या पोत्यांच्या आधी खळ्यावर पोचली असती. खोटं बोलताय, बाबा. म्हातारी बसलीच नव्हती. तुम्ही ब्रेक ओढून बसला होतात. आणि लिफ्टही बंद पडलेली नाही. त्या लाल बटणावरची पाठ काढा आता, मला यार्डात जाऊन गाड्या रिकाम्या करून घ्यायच्या आहेत.”